तीनवार

आवाज मोठा म्हणून मला कोतवाल केलं,
असं वडील सांगायचे.
डफ लागायचा नाही.
मारुतीच्या पारावरून मी ‘उद्या रेशन’ म्हटलं
की बुराईच्या पल्याड चरणारी म्हैस मान वर करायची.

याच आवाजानं सांगत आलो:
पोलिओचा डोस, पाणीपट्टीची शेवटची तारीख,
उखा भिलाची हरवलेली शेळी, कान काळा,
आणि पाच वर्षांनी एकदा,
चला हो, मत टाकायला चला.

मग माळावर कंपनी आली.
आधी खांब, मग तार,
मग रात्रभर पिवळा उजेड,
त्यात दादरची कणसं कावीळ झाल्यासारखी दिसायची.
मग स्वच्छ बुटांची माणसं आली.
पाण्याची बाटली फोडून दोन घोट घ्यायची, बाकी बांधावर ठेवून जायची.
हिलाल आप्पाचा योगराज त्यांच्या गाडीचं दार उघडून धरायचा.
तीन वर्षांत त्याच्या गाडीचं दार
दुसरे कोणी उघडू लागले.

निवडणूक लागली तेव्हा कोणी भांडलंच नाही.
एरवी आमच्याकडे सख्खे भाऊ
एकमेकांच्या हळदीला जात नसत,
एका पॅनलपायी.
तेव्हाच मला खटकायला हवं होतं.

देवळात बैठक बसली.
गावात वाद नको, म्हणाले.
तेवढाच देवाला सभामंडप होईल, म्हणाले.
बाहेर काट्याकुट्यावर वांगी भाजत होती,
पुऱ्यांच्या कढईशी पोरं घोटाळत होती.
कोणीतरी म्हणालं, धुडकू, तू बोल रे,
तुझाच गळा आहे.

पाच लाख.
भटू आबा जिनिंगवाला: सात.
अकरा.
आबा बोटांवर रुई मोजल्यासारखा हिशेब करत म्हणाला, एकवीस.
योगराज उठून खांबामागे गेला,
फोनवर हळू काही बोलला,
येऊन म्हणाला, बेचाळीस.
एवढे पैसे त्याच्याकडे नव्हते, हे सगळ्यांना माहीत होतं.
कोणाकडे होते, हेसुद्धा.

एकवार.
माझा आवाज घुमटाला लागून परत आला.
दोनवार.
इथं थांबायचं असतं.
बैलबाजारातही थांबतात,
कोणाला तरी अक्कल येईल म्हणून.
मी थांबलो.
पुष्कळ थांबलो.
पंगतीत कोणी भरितावर तेल मागितलं.

तीनवार.

कळस चढला देवळाला.
चिमणीच्या निम्मा आहे, पण चकाकतो.
माझा पोरगा गेटवर लागला, बारा तास, टोपीसकट.
हे मी लपवत नाही.

मतदानाच्या दिवशी शाळेला कुलूप.
पायरीवर सुपडाबाई बसलेली,
धुवट लुगडं, कॅरीबॅगमध्ये कार्ड.
‘तुन्ही दवंडी ऐकू नई उनी यंदा,’ म्हणाली.
मी म्हटलं, मावशी, बिनविरोध झालं.
म्हणजे?
म्हणजे कोणाचा विरोध नाही.
‘मले कोनी इचारं?’

आणि बोट पुढे केलं. शाई तरी लाव.

माझ्या पिशवीत पंचायतीचं स्टॅम्पपॅड होतं,
आणि एक ठराव:
बंधाऱ्याचं पाणी कंपनीस देण्यास
ग्रामसभेची हरकत नाही.
एकशे चाळीस अंगठे झाले होते.
सभा झालीच नव्हती, तारीख तेवढी होती.

ठराव वाचून दाखवायचा नियम आहे.
मी वाचला.
गळ्यातून निघाला तो
माझ्या मला ऐकू आला नाही.

तिनं पॅडकडे बघितलं, बोट मागे घेतलं, अंगठा काढला.
ओल्या कापसात दाबावा तसा
नीट, दोन्ही कडांनी दाबला,
आणि लुगड्याला पुसत विचारलं,
‘कोनले गयं?’