विकल्प अर्ज

भुसावळ. रात्रीचे साडेअकरा.
फॉर्म बाराला बंद.
पहिल्या नंबरला पुणं ठेवलं,
मग जळगाव वर ओढलं,
मग पुन्हा पुणं.
कॉम्प्युटर दोन्हीकडे तेच,
होस्टेलचा आकडा तेवढा एकाच बाजूला.

पप्पा यार्डातून आले, हात ग्रीसचे.
चोवीस वर्षं काटे बदलतात.
म्हटलं, तुम्हीच सांगा.
"आपण नुसता काटा फिरवतो.
गाडी कुठी जाईन, ते वरून लिहून येते."
आणि मोरीत गेले.

साबणाचा वास येईपर्यंत
स्क्रीनकडे बघत बसले.
वरून काहीच आलं नव्हतं.

अकरा सत्तावन्नला
कळण्याच्या भाकरीवर ताट झाकत
आई म्हणाली,
"तठी कयन्याचं पीठ भेटते का वं?"

मी पुणं सबमिट केलं
आणि म्हटलं, बघते.