रिकाम्या नावा

दाभोळच्या कस्टम चौकीवर आबा बावीस वर्षं शिपाई.
दुर्बीण साहेबाकडे असायची.
आबांकडे नुसती एक सवय:
माणसांच्या तोंडाकडे न बघता
नावेच्या काठाकडे बघायचं,
पाण्यापासून किती बोटं वर आहे.
"मासळी नाय म्हणतोस, जाळं सुकं,
मग चार बोटं खाली का बसलीय?"
एवढंच विचारायचे.
पुढचं फळ्यांखालची चांदी सांगायची.

मी पतसंस्थेतले कॉम्प्युटर सांभाळते,
धक्क्यासमोर, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर.
सतरा मशिनं, एक सर्व्हर,
भिंतींना बारा महिने घाम.
आत आठ हजार खाती:
डिझेलचं कर्ज, इंजिनाचं तारण,
बचत गटाचे हप्ते,
कुणाच्या पश्चात कोण.

आश्विनातली रात्र, लॉग वाचत होते.
(कुणी वाचत नाही, म्हणून मी वाचते.)
तीन नंबरच्या मशिनवरून
दर नव्वद सेकंदांनी एक प्रश्न बाहेर जात होता:
या नावाचा पत्ता काय?
असे हजारो जातात दिवसाला.
पत्ता विचारणाऱ्याला कोण अडवतं?

पण नावं बघा.
माणसाचं, गावाचं, दुकानाचं नाव
तोंडात मावतं.
ही साठ साठ अक्षरांची,
मध्ये कुठे श्वास घ्यायला जागा नाही,
प्रत्येक नवं, एकदा गेलं की परत न दिसणारं,
आणि शेवटी मात्र सगळ्यांचं आडनाव एक.

आमच्या भाषेत नावाला नावच म्हणतात
आणि नावेलाही नाव.
शाळेत याची गंमत वाटायची.
त्या रात्री मी काठ मोजला.
पत्ता विचारणारा रिकामा जातो, भरून येतो.
इथे उत्तर एका अक्षराचं
आणि प्रश्न पाण्यात बुडेपर्यंत भरलेला.

कुणी काही विचारत नव्हतंच.
विचारता विचारता नेत होतं.
एका नावेत अर्धा खाते क्रमांक,
पुढचीत उरलेला अर्धा,
मग कोळथऱ्याच्या एका बाईचा मोबाइल,
तिच्या मयत नवऱ्याची ठेव,
चिमूट चिमूट.
खिडकीतून अंजनवेलचा दिवा दिसत होता.
तोही मोजून लुकलुकतो,
पण सगळ्यांना दिसेल असा.

मी केबल उपटली.

तीन नंबरवर झुलेखा होडेकर बसते.
बर्फाचं बिल म्हणून आलेली फाइल तिनं उघडली होती.
बर्फाचं बिल! ते तर खालून जिन्यानं येतं,
ओल्या कागदावर, शाई फुटलेलं.
"माझ्यामुळे झालं?" तिनं विचारलं.
मी म्हटलं, फळीखाली काय आहे
हे कधी कधी तांडेलालाही ठाऊक नसायचं.
तिला ते पटलं नाही. मलाही पुरतं नाही.

चेअरमन आले, तिजोरीकडे बघावं तसे
स्क्रीनकडे बघत राहिले.
"गेलं काय?"
काही नाही, साहेब. सगळं जागच्या जागी आहे,
एक पैसा हललेला नाही.
आणि अकरा रात्रींत साडेचारशे माणसं गेली.
साडेचारशे पत्रं मी टाइप केली.
प्रत्येकावर नाव होतं.

आता प्रश्नांना एकच दार. तिथे चौकी माझी.
लांब नाव, अनोळखी आडनाव, फार घाई
दिसली की थांबवते.
परवा आमच्याच अँटिव्हायरसची नाव अडवली,
दुपारपर्यंत सगळे माझ्यावर तापलेले.

आबांना सांगितलं. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी
ते माझ्या आवाजाकडे बघत होते.
म्हणाले, "पकडलीस ती हावरट होती.
शहाणा कमी भरतो, खेपा जास्त करतो.
त्याच्या नावेचा काठ नीटच दिसतो."

आज लॉगमध्ये एक नाव आहे.
छोटं. तोंडात मावणारं.
दिवसातून एकदाच जातं,
रोज पाऊण तास उशिरा,
सुकतीसारखं.