अट क्रमांक सात

खडकी नाल्याच्या काठावर, पळसाखाली,
खुर्चीवर लॅपटॉप आणि मी सिमेंटच्या गोणीवर.
पूल लहानच. तीन गाळे, मधे दोन खांब.
सात जूनच्या आत स्लॅब पडला पाहिजे,
नाहीतर पलीकडची पोरं
यंदाही दिवाळीपर्यंत शाळेबाहेर.

प्रोग्रामला मी सगळं भरवलं:
एक मिक्सर, दोन व्हायब्रेटर,
सेंट्रिंगच्या एकशे दहा प्लेटा,
टँकर दिवसाआड,
वाळू डेपोच्या मर्जीनं,
माणसं चौदा.
अटी पाच. उद्दिष्ट एकच, कमीत कमी खर्च.

मग बटण दाबलं.
दोनशे वेळापत्रकं जन्मली एका दमात.
महागडी होती ती मेली,
उरलेल्यांनी एकमेकांचे बुधवार-गुरुवार वाटून घेतले,
मधूनच एखाद्याचा एक दिवस उगाच बदलला;
त्यानंच कधीकधी वाट सापडते म्हणे.
चारशे पिढ्या,
चहा निवायच्या आत.

उत्तर आलं: नऊ माणसं.
चौदांची गरज दोनच दिवस होती.
आलेखावरचा तो उंचवटा
धुऱ्यावरचं गवत खुरपावं तसा
त्यानं साफ केला होता.

उकंडराव घोडाम, मुकादम, मागून वाकून बघत होता.
"नऊ कोन्ते, थे बी सांगते का हे?"

नाही सांगत.
त्याच्या रकान्यात सगळे 'मजूर, अकुशल',
प्लेटांसारखे. कोणतीही उचला.

"अन् सकायी सातले बलावते यानं?
मोह पडून रायला, मॅडम.
दहाच्या पयले कोनी येत नाही आता."

दहाला तर ऊन त्रेचाळीस, मी म्हटलं.

"मंग संध्याकायी ओता.
सिमेंटलेबी ऊन लागते."

अट सहा: दहापर्यंत माणसं रानात.
ही पटकन लिहिली.

सातवीला वेळ लागला.
चौदाही एकाच गाडीत येतात,
भाडं नऊंनाही तेवढंच.
शेवंता मडावी आणि तिची जाऊ,
दोघींत एक झोळी पळसाला बांधलेली,
एक घमेलं उचलते तेव्हा दुसरी झोका देते.
प्रोग्राम त्यांना दोन मोजतो,
उकंडराव दीड,
आणि त्यातली एकच ठेवली तर
हिशेबात उरतं शून्य.
हे गणिताच्या भाषेत कसं बसवायचं?
बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला.
मग लिहिलं:
सगळे, किंवा कोणीच नाही.

पुन्हा चालवलं. पंखा घरघरला,
या खेपेला हजारावर पिढ्या खपल्या.
ओतकाम सायंकाळी पाच ते रात्री दहा.
चार दिवस आधी पूर्ण.
खर्च अडीच टक्के जास्त.

यवतमाळहून साहेबांचा फोन:
अडीच टक्के कशाचे?
जनरेटरचे, मी म्हटलं.
निम्मं खरं होतं.

पहिल्या रात्री हॅलोजनभोवती किड्यांचा धूर,
ओळीनं हातोहात घमेली,
आणि घमेल्यांच्या कडांना सिमेंटच्या वासातही
मोहाचा चिकट गोडवा.
व्हायब्रेटर थांबला की झोळीतलं रडणं ऐकू यायचं,
मग तेही थांबायचं.
सकाळी दहाला उकंडराव आला
आणि ओल्या गोणपाटावर पाय ठेवू न देता
मलाच बाजूनं जायला सांगितलं.

अट सात फाईलमध्ये आहे अजून.
पुढचा पूल आर्णीकडे.
तिथे ती चालणार नाही बहुतेक.
तिथला मुकादम कोण आहे,
आधी विचारायला हवं.