सतरा की तेवीस

रावपुऱ्यातल्या दुकानात पोरगा खोकी मांडतो गल्ल्यावर:
मोर, बर्फाचे डोंगर,
दिवे लागलेलं कुठलं तरी परदेशी गाव, बासरी आणि गाय.
"काका, आ जुओ, छत्रीस कलर. एकदम सहेलुं."
मी खोकं उलटं करतो. पुढचं चित्र बघतच नाही.
बघतो ते कप्पे किती बारीक आहेत,
आकडा वाचता येतो का,
आणि डब्यांवर नंबर छापलेत की नुसते चिकटवलेत.
चिकटवलेले नकोत. हे फार उशिरा कळलं.

हिरवा आणि लाल मला एकच दिसतात.
एकच म्हणजे कोणता, ते विचारू नका,
तुम्हाला काय दिसतं ते मला कुठे ठाऊक.
सुक्या तंबाखूसारखा, असं एकदा सांगून बसलो कुंदाला.
म्हणाली, म्हणजे माझा लग्नातला शालू तंबाखू?

एकोणऐंशी साली, प्रतापनगरच्या रेल्वे इस्पितळात,
डॉक्टरनं एक जाड वही उघडली. पानभर ठिपके.
"आकडा वाच."
पहिल्या पानावर बारा होता, तो वाचला.
तो सगळ्यांनाच दिसतो, नंतर कळलं.
पुढच्या पानावर ठिपके.
त्याच्या पुढच्या पानावर ठिपके.
दाराबाहेर रांगेतला पुढचा मुलगा घामेजल्या हातांनी शर्ट नीट करत होता.
इंजिन तिथेच, त्या खोलीत, सुटलं. मी फलाटावर.
मग सदतीस वर्षं वीज मंडळात मीटर वाचले,
काळ्यावर पांढरे आकडे,
एकाही घराचं बिल चुकलं नाही.

आता कुणी तरी तोच खेळ उलटा मांडलाय.
तिथे रंगांत आकडा लपवला होता,
इथे आकड्यात रंग.
चारच्या कप्प्यात चारचा डबा. संपलं.
दांडिया बाजार, दुसरा मजला, दुपारी दोन ते चार,
बशीत पाणी, कान टोकरायच्या काडीएवढा ब्रश.
शिरीष, माझा भाचा, फाइन आर्ट्सचा,
म्हणतो, मामा, हे तर फॉर्म भरणं झालं.
झालं.
एक फॉर्म राहिला होता माझा.

गेल्या चैत्रात पेरूच्या झाडावरचे पोपट आणले.
चार पोपट, मागे कौलारू घर.
कौलं झाली, तीन पोपट झाले,
झाकणांवर रंगाची साय धरली म्हणून वाटीत भिजत घातली
आणि चहा पिऊन येतो तो
सतरा आणि तेवीस पाण्यावर तरंगताहेत,
कागदाचे दोन चिटोरे.
डबे दोन, दोन्ही अर्ध्यावर आलेले.
हुंगले. गॅलरीत नेऊन उन्हात धरले.
कुंदा सुरतेला, बहिणीकडे.
फोटो पाठवून विचारता आलं असतं.

नाही विचारलं.
एक उचलला.
मान भरली, पंख भरले, शेपटीचं टोक
श्वास धरून.
कुणी सांगितला नव्हता तो रंग.
हात कापत होता, ते वयामुळे असेल.

संध्याकाळी हर्षाबेन ढोकळ्याची ताटली न्यायला आल्या.
"भाई, आ एक लाल केम छे?"
मी म्हटलं, असतो एखादा.

कुंदा परतली ती पिशवी हातातच धरून बघत उभी राहिली.
बराच वेळ.
"पिकला असेल," म्हणाली,
आणि पाय धुवायला गेली.

चित्र फ्रिजच्या वर लावलंय.
येणारा आधी त्याच्याकडेच बघतो.
मी जागा पाठ केलीय:
उजवीकडून दुसरा,
चोचीत अर्धा पेरू.