साडेतीनची रेंज

विश्राम बोटीवर लागला
तेव्हा आम्हाला वाटलं इंजिनात असेल, नाहीतर स्वयंपाकात.
म्हणाला, सोड्याच्या मशीनवर.
भाई हसले नाहीत.
हातातली गोटीची बाटली उन्हात धरून
कितीतरी वेळ आत बघत राहिले.

कपाटाएवढं मशीन. छातीवर काच.
काचेला बोट लावलं की चवी उगवतात गोल गोल,
शंभरावर,
चेरी, पीच, व्हॅनिला,
एका लिंबाच्याच पाच जाती.
माणसं पेला धरून उभी राहतात, ठरतच नाही त्यांचं.
एक बाई म्हणे चार दिवस हे थोडं ते थोडं करत होती,
पाचव्या दिवशी साधं पाणी घेऊन गेली.

पेल्याच्या बुडाला चिप असते.
पैसे भरलेत की नाही
ते मशीन बुडातून वाचतं.
सफर संपली की पेला मुका.
तसा एक मुका पेला त्याने घरी आणला.
आई त्याने तांदूळ मोजते.

आईने एवढंच विचारलं,
"कोकम गावता काय रे तेच्यात?"
"ना गो आये."
शंभर चवींचा रुबाब आमच्या घरात तिथेच संपला.

आमचा कारखाना म्हणजे वेंगुर्ल्यात
बंदराच्या रस्त्यावरची एक खोली.
पाटीवर मेथर सोडावॉटर,
त्यातल्या वॉवरचा चंद्र गंजून पडलेला.
एक लोखंडी पिंजरा, सहा बाटल्या, एक दांडा.
गॅस सोडून दांडा फिरवला
की गोट्या नरड्यात जाऊन बसतात एकदम,
बाई वर्गात आल्यावर पोरं बसतात तशा.
चवी तीन. लिंबू, आलं आणि साधा.
कोणी चौथी मागितली तर भाई म्हणतात, "सादोच घे."
एक बाटली फुटली होती त्यांच्या तोंडासमोर,
हनुवटीवर खूण आहे,
दाढी करताना वस्तरा अजून तिथे हळू होतो.

विश्राम त्या काचेला बोट लावत नाही.
तो मागच्या बाजूने किल्लीने दार उघडतो,
रिकाम्या डब्या काढतो, भरलेल्या बसवतो,
गळलेलं गोड पुसतो.
मुंबईहून गोव्याला जाताना बोट
आमच्या समोरून जाते, पहाटे साडेतीनला.
त्याच्या खोलीला खिडकी नाही.
घर आलं ते त्याला कळतं खिशात,
फोनला रेंज येते तेव्हा.
वीस मिनिटं.
ड्युटीवर बोलायचं नाही असा नियम,
म्हणून एक रिंग देतो नि कापतो.

मी तेव्हा जागीच असते. नळाला पाणी त्याच वेळी येतं,
बाटल्या धुवायच्या असतात.
हात पुसून मागच्या दारात येते.
दिवे दिसतात,
जत्रेतली एक रांग सुटून
पाण्यावरून निघाल्यासारखे.
आतून भाई विचारतात, "गेलो?"
"गेलो."
मग ते कूस बदलतात.

गेल्या मंगळवारी रिंग आली नाही.
दिवे मात्र गेले वेळेवर.
भाईंनी विचारलं, मी नेहमीचंच उत्तर दिलं
आणि उरलेल्या बाटल्या तीन तीनदा धुतल्या.

दुपारी फोन आला, गोव्यातून.
वरच्या मजल्यावरचं मशीन बंद पडलं होतं,
बर्फाच्या बादल्या उचलायला त्याला उघड्यावर पाठवलेलं.
तीन वर्षांत पहिल्यांदा किनारा बघितला, म्हणाला,
नि रिंग द्यायचं राहूनच गेलं.
दीपगृह ओळखलं. मग काळोख. मग
एक बारका पांढरा दिवा, एकटाच.
"आपलोच मा गो तो? कारखान्याचो?"

त्या रात्री आमच्याकडे लाईट नव्हती.
बाटल्या मी अंधारातच धुतल्या होत्या,
गोटीच्या आवाजावरून मोजत.

म्हटलं, हो. तोच.