बूच

जयवंतभावजी फिलाडेल्फियाहून आले
तेव्हा बॅगेत, दोन लोकरी मोज्यांच्या आत
एक बाटली होती.
घरात उघडायची नाही हे त्यांना सांगावं लागलं नाही.
आमच्या नानांची होडी कशात गेली
ते त्यांना लग्नाआधीच कळलं होतं.

"तिकडे," वेंगुर्ला सुटल्यावर ते म्हणाले,
"कुठे जेवायचं ते आम्ही बाटलीवरून ठरवतो.
परवाना नसलेली हॉटेलं शोधायची.
लहानच असतात, सात-आठ टेबलं,
स्वयंपाकीच ताट घेऊन बाहेर येतो.
बाटली आपली, पेले त्यांचे.
पैसे दारूवर काढायचे नसले
की माणसाला रांधावंच लागतं."
वहीत अशी एक्केचाळीस नावं होती,
शहरवार,
प्रत्येकापुढे रकाना: बाटली चालते का.

मालवणात, समुद्रासमोर, काचेच्या दाराचं.
"बाहेरची चालत नाही, सर. परमिट रूम आहे आपली."
आत भर दुपारी निळा दिवा,
आवाज बंद करून लावलेली मॅच.
शाळेत प्रवेश न मिळालेल्या पोराला बघावं
तसं भावजींनी बाटलीकडे बघितलं.

दुसरीकडे एक म्हातारे गल्ल्यावरून न उठता म्हणाले,
"सोमवार आज. हय मासे नाय,
आणि तुमी ह्या काय घेवन बसलास?"

मग देवबाग.
एका हाताला खाडी, एका हाताला समुद्र,
मधे जेमतेम रस्ता आणि कुंदा केळुसकरची खानावळ.
भिंतीवर निळीने लिहिलेलं:
दारू पिऊन येऊ नये.
"पिऊन कुठे," भावजी म्हणाले, "घेऊन आलोय."
ती हसली नाही.
खवल्यांचे हात पदराला पुसून
तिने बाटली उजेडात धरली,
आमच्याकडे बघितलं, परत बाटलीकडे.
"बसा."

बूच काढायचं काही नव्हतं.
सोड्याचा ओपनर होता, तो काय कामाचा.
शेवटी तिनेच लाटण्याच्या टोकाने ते आत ढकललं.
ते आतल्या आत तरंगायला लागलं
दोर सुटलेल्या होडीसारखं.
मी नानांचं नाव काढलं नाही.

स्टीलची दोन फुलपात्रं.
बावन्न वर्षांत माझा पहिला घोट:
आंबट, मग तुरट,
मग बांगड्याच्या तिखल्यातल्या तिरफळाने
जीभ ताब्यात घेतली आणि परत दिली नाही.
भावजी डोळे मिटून काहीतरी शोधत होते,
लाकडाचा वास, म्हणाले, कुठल्यातरी फळाचा.
मला फोडणीचा येत होता.

कुंदा दारात उभी होती.
बघत नव्हती.
मोजत होती, हे मला उशिरा कळलं.
भावजींचं तिसरं फुलपात्र संपलं
तशी ती आली, अर्धी बाटली उचलली,
फ्रिजवर ठेवली.
"आता भात."
एक्केचाळीस ठिकाणी असं कोणी केलं नसणार.
भावजी मुकाट्याने भात कालवायला लागले.

बिलात दोन थाळ्या, एक सोलकढी जास्तीची.
"आणि बुचाचे?" भावजींनी विचारलं.
तिकडे उघडायचेही पैसे घेतात, समजावून सांगितलं,
कुठे दहा डॉलर, कुठे पंधरा.
तिने पेन्सिल खाली ठेवली.
"माझ्या घोवान जेवढ्यो उघडल्यान
तेंचे पैशे माका कोणी दिले आसते
तर आज हय माडी उठली आसती.
माडयेपायी माडी रवली."
आणि वर, कौलांकडे, बघितलं,
जिथे ती झाली असती.

उरलेली घरी नेता येणार नव्हती.
तिने विचारलंही नाही.
मागल्या दारी माडाच्या बुंध्यात ओतली,
"तेचा तेका,"
आणि बाटली विसळून ठेवून घेतली, आगळ भरायला.
आतलं बूच तेवढं निघेना.
विसळताना खुळखुळत होतं.

गाडीत भावजींनी वही काढली.
बेचाळीस. देवबाग. नाव नीट, मराठीत लिहिलं.
रकान्यापाशी पेन बराच वेळ थांबलं.
मी खिडकीतून खाडी बघत होते.
काय लिहिलं
ते मी अजून विचारलेलं नाही.