चार सेकंद

भोसरी, गाळा नंबर सतरा.
ओव्हाळनं पॉवर प्रेसखाली माइक धरला,
वर सिंथचा असा करवती सूर चढवला
की शेजारचा पॅकिंगवाला ओरडत आला,
“बेअरिंग गेलंय रे तुझं!”

अल्बमच्या तिसऱ्या ट्रॅकवर मध्येच चार सेकंद
नुसतं तेल ठिबकतं.
गुरुवार होता, लाइट गेलेली.
रेकॉर्डर सेलवर चालू राहिला,
मग जनरेटरनं घसा खाकरला.
ठेवलं तसंच. पुन्हा कोण घेतंय.

आता मुंढव्याच्या क्लबमध्ये
पोरं नेमकी तेवढीच जागा मोकळी सोडतात,
श्वास धरतात.
शैली म्हणे.
त्यात तेल नसतं.

ओव्हाळ दाराशी, कानांत कापूस.
धडधड तुटली रे तुटली
की त्याचा हात भिंतीवर
मेन स्विच चाचपतो.